अफगाणिस्तानचा गहू आणि आपलं रेशन

‘तालिबान्यांना फुकट गहू वाटला, म्हणून आपल्या रेशनचा तांदूळ कापला.’ खानापूरच्या काकींनी हा मजकूर घरच्या ग्रुपवर टाकला, रेशनच्या रांगेतही चार बायकांना पटवून सांगितला. काकी पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या. त्याही फसतात म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

काकी, गेला तो गहू आणि कमी पडला तो तांदूळ! कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य रेशन योजनेत माणशी दहा किलो द्यायचं ठरलं, तेव्हा वरच्या पाच किलोंसाठी राज्याला केंद्राच्या अन्न महामंडळाकडून तांदूळ विकत हवा होता. जून 2023 मध्ये केंद्राने राज्यांना ही विक्री बंद केली. म्हणून त्या जुलैपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत तांदळाऐवजी किलोला 34 रुपये धरून माणशी 170 रुपये खात्यावर येत होते. हे भांडण बेंगळुरू आणि दिल्लीचं. त्याचा राग युद्धात होरपळलेल्या, उपाशी अफगाण पोरांवर काढायचा?

गव्हाचाही हिशेब करा. भारताने अफगाणिस्तानला कबूल केले 50,000 टन. परराष्ट्र मंत्रालयाचं पत्रक सांगतं की 22 फेब्रुवारी 2022 ला अटारीहून निघालेल्या पहिल्या खेपेत 2,500 टन होते आणि ते अफगाणिस्तानातल्या जलालाबादेत संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ताब्यात जायचे होते. म्हणजे ‘तालिबान्यांना वाटला’ हेही खोटं. त्याआधीच्या हंगामात सरकारने 433 लाख टन गहू खरेदी केला होता. हजार किलोंतले सव्वा किलोसुद्धा गेले नाहीत.

काकी विचारतील, ‘आपल्याला दुष्काळात कुणी दिलं?’ अमेरिकेने दिलं. रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, तुमच्याच पिढीने खाल्लाय.

एवढं मात्र मान्य करतो की निव्वळ दयेपोटी कुणी देत नाही. भारताने व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर टीका केली, तेव्हा अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं थोडी थोडी, अडवून अडवून सोडली. आपणही साधू नव्हतो. ऑक्टोबर 2021 मध्ये पाकिस्तानकडे वाट मागितली, ट्रक हलले फेब्रुवारीत, आणि जूनमध्ये काबूलच्या दूतावासात आपलं तांत्रिक पथक जाऊन बसलं. पोरींना सहावीपुढे शाळा बंद करणाऱ्यांशी असा संबंध ठेवावा का, यावर वाद घाला, मीही येतो. पण तांदळाचा जाब बेंगळुरूला आणि दिल्लीला विचारा.