‘शिकलेली’ कुत्री घरात शू करते तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘मोठं कुत्रं शिकलेलं असतं हे लिहिणं फसवं आहे. आमची आठ वर्षांची लॅब्रॅडॉर येऊन दहा दिवस झाले, रोज घरात शू करते आणि तीही मुद्दाम,’ असं मोठं कुत्रं घरी आणण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही म्हणता.

पहिलं मान्य. बाहेरच शू करायला शिकलेली असते ती जुन्या घरापुरती. तिथलं दार, तिथल्या वेळा, पायाखालची माती, सगळं सुटलं. लेखात दुरुस्ती करतो.

‘मुद्दाम’ मात्र मान्य नाही. सूड म्हणून कुत्री शू करत नाही. कधी, कुठे, किती, हे चार दिवस लिहून ठेवा. झोपून उठल्यावर अंथरूणच ओलं असेल, तर लघवी नकळत गळते आहे. नसबंदी झालेल्या माद्यांत हे बरंच दिसतं आणि गोळ्यांनी बहुधा आटोक्यात येतं. थोडी थोडी, सारखी, जोर लावून होत असेल तर संसर्ग किंवा खडा. मोठं थारोळं आणि पाण्याचं भांडं सतत रिकामं, तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासायला हवा. पाणी मोजून ओता, चोवीस तासांनी उरलेलं वजा करा. किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे 30 किलोच्या कुत्रीने 3 लिटरहून जास्त प्यायलं, तर पशुवैद्याकडे न्यायला थांबू नका. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं तर अजिबात नको.

तपासणीसाठी नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा घ्या. मादी खाली बसते, त्यामुळे डबी धरता येत नाही. लांब दांड्याची स्वच्छ, कोरडी पळी धार सुरू झाल्यावर मागून सरकवा. आधी दाखवलीत तर ती उठून उभी राहील. निर्जंतुक डबीत ओतून दोन तासांत पशुवैद्याकडे पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. (पळी नंतर आमटीला नको, हे सांगायला नकोच.)

फिनाईलने वास आपल्याला जातो, तिला नाही. वर पंजे चाटताना ते पोटात जातं. एन्झाइमचं क्लीनर (लघवीतले वासाचे घटक मोडणारं) ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, मग टिपा.

फरशीवर मागचे पाय फाकतात का, तेही बघा. सांधे दुखत असतील तर उठायचं टाळून ती रोखून धरते आणि मग दारापर्यंत पोचत नाही. अंथरुणापासून दारापर्यंत रबरी पाठीची पायपुसणी टाका. आपली आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी देऊ नका, पोटात व्रण होतात.

तपासण्या ठीक आल्या तर महिनाभर दर चार तासांनी, शिवाय झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर, पट्टा लावून एकाच मातीच्या जागी न्या. शू झाली की तिथेच खाऊ द्या, घरी येऊन नाही. आणि शू केलेल्या जागी तिचं नाक घासत असाल, तर ते आजपासून बंद. त्यातून ती एवढंच शिकेल की शू तुमच्यासमोर करायची नाही, सोफ्यामागे करायची. मग पट्ट्यावर असताना बाहेरही करणार नाही.