गाडीचा नंबर गाडीजवळच राहू द्या

मागच्या महिन्यात माझ्या 1962 सालच्या ट्रायम्फ हेराल्डला तिचा मूळ नंबर परत मिळाला. इथे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका शेडमध्ये ती चाळीसहून जास्त वर्षं उभी होती. तिचा जन्म इथलाच, कॅनलीच्या कारखान्यातला, आणि नंबरातली शेवटची 'व्हीसी' ही अक्षरंही कॉव्हेंट्रीचीच. काळ्या पाटीवर चंदेरी अक्षरं लावून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर अर्ध्या तासात सांगलीहून चुलतभावाचा फोन आला.

"दादा, तुझी गाडी चाळीस वर्षं बंद होती, तरी तिला नंबर मिळाला. आपल्या अण्णांची गाडी अजून चालते, आणि तिच्या जुन्या नंबरासाठी मी सहा महिने आरटीओत हेलपाटे घालतोय."

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. त्यांची गाडी मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड, 1966 सालची. माझ्या गाडीची सख्खी बहीणच. दोघींचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. अण्णा तसेच बसायचे, शेजारी चहाची कपबशी ठेवून. परदेशात येऊन मी हीच गाडी का शोधली, ते यावरून कळेल.

भावाच्या तक्रारीत तथ्य आहे. पण इथेही नंबर सहज मिळत नाही. पूर्वी गाड्यांची नोंद त्या त्या भागाच्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक संस्थेच्या वहीत व्हायची. सत्तरच्या दशकात हे काम स्वॉन्झीच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे गेलं आणि जुन्या नोंदी तिथे चढवून घ्यायची मुदत 1983 च्या नोव्हेंबरात संपली. तेव्हा ज्या गाड्या कुठेतरी झाकून पडल्या होत्या, त्यांचे नंबर राहून गेले. अशी गाडी आज बाहेर काढली तर तिला एरवी वयाला साजेसा दुसराच नंबर देतात. मूळ नंबर हवा असेल तर व्ही-765 हा अर्ज भरायचा, मान्यताप्राप्त क्लबकडून गाडी तपासून घ्यायची, आणि हा नंबर याच चॅसीचा होता हे सांगणारा जुना कागद दाखवायचा. गाडीला लागलेली जुनी पाटी हा पुरावा धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पाटी कोणीही रंगवून घेईल.

माझ्या गाडीचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचं जुनं पुस्तक, आधीच्या मालकिणीच्या कपाटात सापडलं. घड्यांवर फाटलेलं, पण आत कौन्सिलचे शिक्के जसेच्या तसे, आणि तीन मालकांची नावं तीन वेगळ्या शाईंत. ते हातात घेतलं तेव्हा मला अण्णांचं आरसी बुक आठवलं.

या व्यवस्थेतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे असा परत मिळवलेला नंबर दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. ब्रिटनमध्ये हौशी नंबरांना लाखो रुपये मोजणारे लोक आहेत, आपल्याकडेही पसंतीच्या नंबराला तेवढे मोजतात. ती हौस ज्याची त्याने करावी. पण जुन्या गाडीचा नंबर म्हणजे तिचा जन्मदाखला. तो विकायची सोय झाली की लोक नंबरासाठी गाडी घेतील आणि गाडी भंगारात घालतील.

आपल्याकडे जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुनाच क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदवली तर क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, नूतनीकरणाला 5,000. जुना क्रमांक राखायची तरतूद करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. पण ही गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. इथे चाळीस वर्षांची गाडी ऐतिहासिक म्हणून नोंदवली की रस्ताकर शून्य, आणि धंद्यासाठी नसेल तर रोज चालवा.

"धूर सोडणारी खटारी हवीत कशाला?" असं भावाचे शेजारी म्हणतात. सांगलीच्या बाजारात गाड्यांमागे उभं राहिलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे, तो उडवून लावू नये. मी म्हणेन, दरवर्षी कडक तपासणी घ्या आणि जी पास होईल तिला रविवारी हरिपूरपर्यंत जाऊ द्या. या बाबतीत इंग्लंडचं मला पटत नाही. 2018 पासून इथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ आहे. मी मात्र माझी गाडी दरवर्षी नेणार आहे. साठ वर्षांच्या ब्रेकवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो.

दुसरा वाद एचएसआरपीचा, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही ती पाटी सक्तीची झाली. चोऱ्या आणि खोटे नंबर बघता सक्ती बरोबरच आहे. पण अण्णांच्या गाडीची पाटी पेंटरने हाताने रंगवलेली आहे. तेव्हा खासगी गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असत. त्यातल्या 7 च्या पोटाला पेंटरने एक बारीक आडवी रेघ दिली आहे. नव्या गाड्यांच्या काचेवर होलोग्रामचा स्टिकर असतोच. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना तेवढा स्टिकर लावून जुनी पाटी ठेवू द्यायला काय हरकत आहे? ब्रिटनमध्ये 1980 पूर्वी बनलेल्या ऐतिहासिक गाडीला काळी-चंदेरी पाटी चालते, आणि त्यामुळे पोलिसांचं काम अडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

भावाचं खरं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एमएच सुरू होण्याआधीचा, म्हणजे 1989 पूर्वीचा तो नंबर. तीन अक्षरं आणि चार आकडे. त्याची वही सापडत नाही, भिजली असेल, असं त्याला खिडकीवर सांगितलं. इथल्या कौन्सिलांच्याही कितीतरी वह्या रद्दीत गेल्या. ज्या वाचल्या त्या पुराभिलेखागारांनी सांभाळल्या, म्हणून आज लोकांना उतारे मिळतात. आपल्या जुन्या आरटीओ वह्या स्कॅन करून जिल्हावार खुल्या केल्या तर हजारो घरांचं काम होईल. शुल्क कमी करण्यापेक्षा मला हे जास्त निकडीचं वाटतं.

तोवर त्याला सांगितलंय, आरसी बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ, कोरं पानसुद्धा सोडू नकोस. काल रात्री बावीस फोटो आले. चौथ्या पानावर अण्णांची सही आहे, मोडीच्या वळणाची.