सही कोणाची, ते आधी बघा

भारतात एखाद्या कंपनीचा घोटाळा फुटला की मित्रांच्या ग्रुपवर तासाभरात निकाल लागतो: "एवढ्या वरच्या खुर्चीत बसून माहीत नव्हतं? सगळे सामील!" सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीच्या वेळीही हेच ऐकलं. जानेवारी २००९ मध्ये तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्रातून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड मुळात नाहीच. लोक चिडले, चिडायलाच हवं होतं. पण मग सत्यममध्ये व्हाइस प्रेसिडेंट होता, एवढंच माणसाला चोर ठरवायला पुरू लागलं. २०१५ साली हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवले ते १० जण: राजू, त्यांचे दोन भाऊ, वित्त विभागातले काही, अंतर्गत लेखापरीक्षणाचे प्रमुख आणि बाहेरचे दोन ऑडिटर. बहुतेक सगळी आकड्यांशी थेट संबंध असलेली माणसं.

मी राहतो ह्यूस्टनमध्ये, २००१ मध्ये हिशेबाच्या घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या गावात. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्या कंपनीतून आलेल्या एका बाईंबरोबर मी काम केलंय. त्या पाइपलाइनच्या देखभालीचं बजेट बघायच्या, तरी पुढे प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न घोटाळ्याचाच. आणि एन्रॉनच्याच व्हाइस प्रेसिडेंट शेरॉन वॉटकिन्स यांनी तर ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीचे प्रमुख केनेथ ले यांना लेखी इशारा दिला होता. 'सगळे सामील' म्हटलं की त्याही त्यात आल्या!

एन्रॉनच्या ऑडिटरचं, आर्थर अँडरसनचं, याहून वाईट झालं. २००२ मध्ये अख्खी फर्म दोषी ठरली आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं. जगभरातले सुमारे ८५ हजार कर्मचारी पांगले. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला, पण तोवर फर्म उरलीच नव्हती.

म्हणून संचालकांनी हात झटकावेत, असं मी मुळीच म्हणत नाही. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमच्या संचालक मंडळाने राजू कुटुंबाच्याच मेटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरला घ्यायला मान्यता दिली. गुंतवणूकदार खवळले, तेव्हा काही तासांत माघार. त्या बैठकीत कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, याचा जाब एकेकाला विचारायलाच हवा. ती मान्यता त्यांनी स्वतः दिली होती. २०१३च्या कंपनी कायद्यानेही स्वतंत्र संचालकांसाठी हीच रेघ आखली: माहिती होती का, संमती होती का, काम दक्षतेने केलं का.

बायोडेटावरचं कंपनीचं नाव पाहून अर्ज बाजूला टाकणाऱ्यांनी उमेदवाराला एवढं तरी विचारावं: तुमच्या टेबलावर काय येत होतं, आणि तुम्ही कशाकशावर सही केलीत?