खुलासा: ‘जणू’ दिसला म्हणजे उत्प्रेक्षा झाली, असं नाही

परीक्षा जवळ आली की भाषेचे अलंकार (उपमा, उत्प्रेक्षा वगैरे) ओळखायचा एक मेसेज हमखास फिरतो: ‘सारखा’, ‘सम’ दिसला की उपमा, ‘जणू’, ‘वाटे’ दिसला की उत्प्रेक्षा, अर्थ वाचायची गरज नाही. हा शेवटचा सल्लाच घात करतो.

‘वाटतं, आज पाऊस येणार.’ यात ‘वाटतं’ आहे, पण हा नुसता अंदाज, अलंकार नाहीच. ‘त्याचं अक्षर भावासारखं आहे’ ही साधी माहिती, चमत्कृती कुठाय? उलट ‘मृगनयनी’त (हरणासारखे डोळे असलेली) एकही खुणेचा शब्द नाही, तरी ती उपमाच, तिला लुप्तोपमा म्हणतात.

बघायचं ते उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांचं नातं. ‘ढग हत्तींसारखे काळे’: दोन्ही वेगळे, फक्त साम्य; उपमा. ‘ढग म्हणजे जणू सुटलेले हत्तीच’: ढग हेच हत्ती असावेत अशी कल्पना, उत्प्रेक्षा. ‘जणू’ काढून ठामपणे एकरूप केलं तर रूपक. आणि ‘हे ढग नव्हेत, हत्ती आहेत’ म्हणत उपमेयच नाकारलं की अपन्हुती. (हिच्यासाठी मेसेजमध्ये शब्दच नाही!)

खुणेचे शब्द पाठ असू द्यात, शोध घ्यायला बरे पडतात. निकाल मात्र वाक्य वाचूनच द्यायचा.