चि. सौ. कां. म्हणजे कांचन नव्हे रे बाबांनो!

सव्वीस वर्षं सांगलीत डीटीपी करतोय, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचं मॅटर लावतोय, पेजमेकर सॉफ्टवेअरपासून, श्रीलिपीचे मराठी फॉन्ट फ्लॉपीवर यायचे तेव्हापासून. लग्नपत्रिका, वास्तुशांती, जाऊळ, दहावा-बारावा, सोसायटीचे अहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं केलं. पण गेल्या दीड-दोन वर्षांत डोक्याला जो शॉट लागलाय तसा कधी लागला नव्हता, म्हणून आज लिहितोय. ज्याला वाचायचं त्याने वाचा, नाहीतर पुढे सरका.

आता कुणीच मॅटर लिहून आणत नाही. आणतात ते सगळं एआयकडून. परवा एक जण वास्तुशांतीचं मॅटर व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि पहिली ओळ काय, तर "नक्कीच! आपल्यासाठी खाली एक सुंदर निमंत्रण तयार केले आहे." अरे ती मशीनची ओळ आहे, ती तरी काढ ना! मी फोन केला तर म्हणतो, "असू दे की, छान वाटतंय." बरं, खाली तिथी बघितली तर वैशाख शुद्ध दशमी. आणि तारीख? बुद्धपौर्णिमेची सुट्टी होऊन दोन दिवसांनी! पौर्णिमा झाली की वद्य पक्ष लागतो हे माझ्या आजीला कळायचं आणि ती शाळेची पायरी चढली नव्हती. ह्याच्या घरात भिंतीवर कालनिर्णय लटकतंय, मान वर करून बघायचं फक्त. मी म्हटलं, तिथी चुकलीय. तर तो म्हणतो, "थांबा, विचारतो," आणि परत त्याच मशीनला विचारतो बरोबर आहे का म्हणून! मशीन म्हणालं बरोबर आहे. झालं, आता मी मूर्ख.

ही गंमत काय सांगलीपुरती नाही म्हणा. २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीकडून जुने निकाल काढून कोर्टात दाखल केले, ते निकाल कधी लागलेच नव्हते, आणि वकिलाने खात्री कशी केली? त्यालाच विचारलं, हे खरे आहेत का. ते म्हणालं हो. पाच हजार डॉलर दंड बसला. शिकलेसवरलेले वकील हो!

आणि ते मशीन खोटं बोलतं असं पण नाही, ही गोष्टच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. त्याला खरं-खोटं कळतच नाही तर खोटं बोलणार कुठून. आधीच्या शब्दांवरून पुढचा तुकडा कुठला शोभेल एवढं ते बघतं. शोभेल, बरोबर असेल असं नाही. अक्षर सुद्धा ते आपल्यासारखं बघत नाही, शब्दाचे तुकडे पाडतं आणि तुकड्यांचा हिशोब करतं. चित्रवाल्या मशीनचं तर अजून भारी, त्याला अक्षर म्हणजे नक्षी. एक जण श्रद्धांजलीचा फ्लेक्स बनवून घेऊन आला, मागे ढग, समई, कबुतरं, सगळं झकास, आणि 'श्रद्धांजली'तल्या श्र ला तीन पाय आणि द्ध च्या जागी वडापाव गुंडाळल्यासारखं काहीतरी. मी म्हटलं हे अक्षर मराठीतच नाही, कुठल्याच भाषेत नाही. तर, "चालतंय की, फोटो तर भारी आलाय." आता म्हणे सुधारलंय बरंच. सुधारलं असेल. पण तीन पायाचा श्र ज्याला दिसलाच नाही त्याचं काय सुधारलं?

पण ज्याच्यामुळे खरी आग झाली ते वेगळंच आहे. महिन्यापूर्वी एक पोरगं आलं, वडील गेलेले, बाराव्याचं कार्ड. वडील मार्केट यार्डात हमाल, आयुष्य हळदीच्या पोत्यांखाली गेलं. मॅटर काय आणलं? "बाबा म्हणजे केवळ एक व्यक्ती नव्हती, तर एक विचार होता, मायेचा वटवृक्ष होता." हा वटवृक्ष मी त्या महिन्यात तिसऱ्यांदा लावत होतो, एक वटवृक्ष तर निवृत्त तलाठी होता. मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हटलं, तू सांग ना वडील कसे होते, आपण दोन ओळी लिहू. तर पोरगं बोलायला लागलं की, पाठीवर पोतं असलं तरी मी दिसलो की थांबायचे, एका हाताने खिशातनं लिमलेटची गोळी काढायचे, ती कायम हळदीने पिवळी झालेली असायची, आम्ही तशीच खायचो. माझे हात थांबले कीबोर्डवर. मी म्हटलं हेच टाकू! तर म्हणतो, "नको नको काका, हे काय छापायचं असतं होय, ते मोबाईलवरचंच टाका, ते व्यवस्थित हाय."

म्हणजे ह्याच्या तोंडात जे आहे ते त्याला स्वतःलाच कमी वाटायला लागलंय. पिवळी गोळी गेली, वटवृक्ष छापला. पैसे घेतले मी, काय करू, धंदा आहे. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बरं, लोकांवर कितीही तोंडसुख घेतलं तरी शेण मी पण खाल्लंय, ते पण सांगतो. पूर्वी आमच्याकडे एक मास्तर प्रूफ, म्हणजे छापायच्या आधीची कच्ची प्रत, बघायला यायचे. त्यांची पद्धत म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर पेन फिरवायचं, आणि नावं तर एकेक अक्षर सुटं करून, काना-मात्रा म्हणून दाखवायच्या. वेळ जायचा, कंटाळा यायचा, पण चूक सुटायची नाही. मास्तर गेले, मग मी एकटाच बघायचो. आणि गेल्या वर्षी कुणीतरी डोक्यात भरवलं की एआयला टाका, सेकंदात शुद्धलेखन तपासून देतं. टाकलं. पहिले आठ दिवस मी त्याचं प्रत्येक काम परत तपासत होतो. मग वरवर. मग नुसता डोळा फिरवायचा. चांगलं चाललं होतं हो, ऱ्हस्व-दीर्घ माझ्यापेक्षा जास्त पकडायचं, खोटं कशाला बोलू.

मग लग्नसराईत चारशे पत्रिका गेल्या. मॅटर होतं "चि. सौ. कां." आणि पुढे मुलीचं नाव. आता चि. सौ. कां. म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत. मशीनला तो 'कां' अर्धवट वाटला असणार, त्याने शोभेल असं पूर्ण करून दिलं. चि. सौ. कांचन! आणि पुढे मुलीचं खरं नाव तसंच. म्हणजे एका मांडवात दोन नवऱ्या. आणि मी ते बघितलं. माझ्या डोळ्यासमोरून गेलं, मी ओके म्हटलं, प्लेट काढली. सव्वीस वर्षांचा डोळा, अक्षर थोडं तिरकं असलं तरी खुपायचं मला, आणि अख्खी बाई घुसली तरी दिसली नाही!

नंतर एक बातमी वाचली आणि अंगावर काटा आला. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर, त्यांना गाठी दाखवून देणारं एआय दिलं. आणि मग त्यांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्या बघितल्या, तर आधी १०० पैकी २८.४ जणांमध्ये गाठी सापडायच्या त्या २२.४ जणांमध्येच सापडायला लागल्या. एआय यायच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने, एवढाच काळ. २०२५ ला लॅन्सेटच्या पोटविकारवाल्या जर्नलमध्ये आलंय. तो अभ्यास करणारेच म्हणतात एवढ्यावरून पक्कं काही सांगता येणार नाही, बरोबर आहे, दुसरी कारणं असतील. पण मला विचाराल तर मला पक्कं कळलंय. ते आतडं बघतात, मी काना-मात्रा बघतो, डोळा तोच. कुणीतरी आपल्यासाठी बघतंय म्हटलं की तो बघायचं सोडतो, आणि सोडलंय हे सांगत पण नाही भिकारडा.

आणि वर हे दीडशहाणे सांगणार, "एआय फक्त मदतीला, शेवटी माणसाने तपासायचंच." कोण तपासणार? तो वास्तुशांतीवाला? तपासायला जे यावं लागतं तेच ह्याच्या नादात विसरायला होतंय ना राव!

आता परत मास्तरांची पद्धत चालू केलीय. दुकानातलं पोरगं मोठ्याने वाचतं, मी पेन फिरवतो, गिऱ्हाईक हसतंय, हसू दे. चारशे पत्रिका खिशातनं परत छापून दिल्या, मुलीचा बाप सज्जन, एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं. चुकलेला गठ्ठा न्यायला कोण येतंय, तो काउंटरखालीच पडलाय. चांगलं जाड कार्ड आहे, टाकवत नाही, मागच्या बाजूला रोजचा हिशोब लिहितोय. उलटलं की कांचन.

अजून साडेतीनशे आहेत.