बियांच्या पाकिटावर उंची छापायला काय जातं तुमचं?

घोडबंदर रोडला राहते. समोर नवा टॉवर उभा राहिला आणि बाल्कनीतलं ऊन गेलं. ग्रिलबाहेर कुंडी ठेवली की सोसायटीची नोटीस. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी रॅक आणि वर एलईडी दिवा. दोन फळ्यांमधलं अंतर अडीच फूट. कुंडीची उंची आणि दिव्याखाली सोडायची जागा वजा केली की रोपाला उरतो जेमतेम सव्वा फूट. नर्सरीत हे माप सांगूनच टोमॅटोचं रोप मागितलं होतं. "ताई, बुटकीच जात आहे, बिनधास्त न्या." आता ते बुटकं रोप दिव्याला जाऊन भिडलंय आणि वरची पानं करपलीत!

बियांची पाकिटंही तसलीच. लालभडक फोटो, लॉट नंबर, उगवण किती टक्के, तारीख, सगळं छापलेलं. वाढ मर्यादित की अमर्यादित, याचा पत्ता नाही. टोमॅटोत सगळा खेळ तिथेच तर आहे! मर्यादित वाढीच्या जातीत खोडाच्या टोकालाच फुलांचा घोस येतो आणि उंची थांबते. अमर्यादित जात जिवंत असेपर्यंत चढत राहते, सहा फूट सहज. शेतकरी त्या हिशेबाने बांबू-तार आधीच लावतो. मी हॉलमध्ये काय मांडव घालू? मायक्रो-टॉमसारखी वीतभर वाढून फळं धरणारी जातही आहे. पण ती मागितली की दुकानदार तोंडाकडे बघत राहतो.

वर सल्ले. शेंडा खुडा म्हणे. अहो, शेंडा खुडला की तिथून खाली उतरणारं ऑक्झिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक, थांबतं आणि दबलेले डोळे फुटतात. तुळस, मिरची त्याने छान भरते. या टोमॅटोची मात्र बगलफूटच नवा शेंडा होऊन पुन्हा वर निघते. दिवा वर घ्या म्हणे. कुठे घेऊ, फळीच्या आरपार? आणि छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. मग शेजारची कोवळी रोपं उजेडासाठी ताणतात, पेरं लांबतात, खोड सुतळीसारखं होऊन आडवं पडतं. म्हणजे एकाची उंची सांभाळायला दहा रोपांचं वाटोळं.

कहर म्हणजे एका गृहस्थांनी पॅक्लोब्यूट्राझोल हे झाडाची वाढ रोखणारं रसायन सुचवलं, "कोकणात आंब्याला घालतात की!" घालतात, मोठ्या कलमांना, मोहोर यावा म्हणून, मोजून. ते मातीत महिनोन्महिने टिकतं. माझ्या घरात, पोरांच्या ताटात येणाऱ्या टोमॅटोच्या छोट्याशा कुंडीत ते ओतू? डोकं ठिकाणावर आहे का?

एक ओळ छापा. पूर्ण वाढीची उंची, इतके सेंटीमीटर. ठाण्यात कितीतरी माणसं दोन खोल्यांत राहतात, त्यांनाच तुम्ही बिया विकता ना? तोवर मी हे खोड रोज थोडं थोडं वाकवून रॅकच्या दांडीला आडवं बांधतेय. फुलं लागलीत, उपटायला हात धजत नाही. आणि रविवारी टेप घेऊन त्याच नर्सरीत जाणार आहे. तिथली "बुटकी" रोपं कुठल्या जातीची आहेत, हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपया काढणार नाही.