त्या गुलाबी शेवाळाची काडी तळीत टाकू नका

परवा रात्री कुडाळहून धाकट्या काकांचा फोन आला. "गो, येताना फिशटँकच्या दुकानातून त्या गुलाबी फुलांच्या दोन जुड्या घेऊन ये. गणपतीआधी देवळाच्या तळीत सोडूया." पाठोपाठ मेसेज. पाण्यावर पसरलेला गुलाबी गालिचा आणि खाली मजकूर: ही आपल्या आयुर्वेदातली शैवाल वनस्पती, पाणी शुद्ध करते, चोवीस तास ऑक्सिजन सोडते, डासांच्या अळ्या खाते, एक काडी तळ्यात टाका, वर्षभरात तळं गुलाबी होईल. काकांचा तो गावच्या ग्रुपवर टाकूनही झाला होता. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि हा मेसेज गेल्या काही दिवसांत मला चौथ्यांदा आला. आता घरातच आला म्हणून लिहायला बसले.

आधी फोटो. तो खरा आहे. कोझिकोड जिल्ह्यात पेरांब्राजवळ आवळ पांडी नावाचा पाणथळ भाग आहे, तिथला. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे ही फुलं बघायला झुंबड उडाली होती. तिथले लोक तिला 'मुळ्ळन पायल' म्हणतात. शास्त्रीय नाव कॅबोम्बा फर्काटा. ती केरळची नाही, भारताचीही नाही. तिचं घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. ज्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल त्याने लंडनच्या क्यू उद्यानाची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही साइट उघडावी आणि नाव टाकावं. नकाशात मूळ प्रदेश हिरवा दिसतो, बाहेरून गेलेला जांभळा. कॅबोम्बाचा हिरवा रंग अटलांटिकच्या पलीकडेच आहे. जी वनस्पती आपल्या ऋषींनी पाहिलीच नाही, ती त्यांच्या ग्रंथात कुठून येणार?

शैवाल हे नाव मात्र हवेतून आलेलं नाही, एवढं मान्य करते. आयुर्वेदात शैवाल म्हणून जी वनस्पती सांगतात ती बहुधा सिराटोफायलम. आपल्या तळ्यांत, संथ ओढ्यांत पूर्वीपासून आहे. पाण्यात दोघी लांबून सारख्याच दिसतात, हिरव्या पिसासारख्या. घोटाळा इथेच झाला. पण ओळखणं अजिबात अवघड नाही. काडी पाण्याबाहेर काढली की पानं ओल्या केसांसारखी चिकटतात आणि काही कळत नाही. म्हणून पांढऱ्या ताटलीत दोन बोटं पाणी घ्या, त्यात एकच काडी सोडा आणि एक पेर नीट बघा. कॅबोम्बाच्या पानाला छोटा देठ असतो, आणि देठाच्या टोकापासून पान पंख्यासारखं दुभंगत दुभंगत पसरतं. सिराटोफायलमला देठ नाही. पेराभोवती पानांचं कडं असतं, प्रत्येक पान एकदोनदाच फाटलेलं, कडेला बारीक दाते, हाताला खरखरीत. मुळंसुद्धा नसतात. अशीच दिसणारी तिसरी पाणवनस्पती मिरियोफायलम. तिचं पान खरोखर पिसासारखं, मधे शीर आणि दोन्ही बाजूंना केसासारखे तंतू. चौथी लिम्नोफिला, आपल्याच भातखाचरांतली. पाण्याखाली तिची पानं झिरमिळ्या, पाण्याबाहेर आली की साधी, अखंड. एवढं बघायला फार तर पाच मिनिटं लागतात.

डासांच्या अळ्या खाण्याचा गुण युट्रिक्युलारिया या कीटकभक्षी वनस्पतीचा. तिच्या पानांवर बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले किडे अडकतात. कास पठारावरची सीतेची आसवं याच कुळातली. कॅबोम्बाला असला एकही फुगा नाही. विषय संपला.

ऑक्सिजन. दिवसा, उन्हात, हो, सोडते. कुठलीही हिरवी पाणवनस्पती सोडते. रात्री तीच श्वासाला ऑक्सिजन घेते. आणि दाट माजून खाली कुजायला लागली की कुजण्यातच पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडतात. चोवीस तास हे शब्द कुणी आणि कशावरून घातले?

आता ज्या ओळीने मला खरा संताप आला ती: एक काडी टाका, वर्षभरात तळं गुलाबी होईल. मेसेजमधलं सर्वांत खरं वाक्य हेच, आणि सर्वांत घातकही. कॅबोम्बाची काडी ठिसूळ असते. एका पेराचा तुकडा सुटला तरी तो नवं झाड होतो. तळी साफ करायला उतरलात की प्रत्येक ओढीत शेकडो तुकडे मोकळे होतात, आणि पावसाळ्यात तळी भरून वाहिली की ते व्हाळात, व्हाळातून नदीत. हिचीच बहीण कॅबोम्बा कॅरोलिनियाना ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय पातळीवरच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. दोन्ही ठिकाणी ती फिशटँकच्या धंद्यातूनच पोचली. दोन जुड्या मागवणाऱ्या काकांसारखी साधी माणसंच तिथेही होती.

"पण झाडच ना ते, नुकसान काय?" असं काकू मागून म्हणाल्या. नुकसान झाडाच्या जातीत नसतं, ते कुठे गेलं यात असतं. आपल्या तळ्यातली हायड्रिला इथे माशांबरोबर, बदकांबरोबर मुकाट नांदते. तीच १९५० च्या दशकात फिशटँकमधून फ्लोरिडात गेली आणि तिथे कालवे तुंबवून बसली. उलट्या बाजूचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. जलपर्णीसुद्धा दक्षिण अमेरिकेतली, तिचीही फुलं सुंदर म्हणूनच लोकांनी नेली. पवना नदीवर दर उन्हाळ्यात ती काढायला किती माणसं आणि किती यंत्रं लागतात ते पिंपरी-चिंचवडच्या लोकांना विचारा.

ज्यांनी जुडी आणलीच आहे त्यांनी ती टाकीतच ठेवावी. नको झाली तर गच्चीवर कडक उन्हात पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवून कचऱ्यात टाका. टाकीचं पाणी कुंडीत किंवा झाडांना घाला, गटारात किंवा ओढ्यात नको.

काकांना मी म्हटलं, तळीत आत्ता जे आहे त्याची काडी ताटलीत ठेवून फोटो पाठवा. सकाळी आला. स्टीलची ताटली, पण पेर स्वच्छ दिसत होतं: पानांचं कडं, देठ नाही, कडेला दाते. मेसेजवाल्यांना जी शैवाल हवी होती ती काकांच्या तळीत होतीच. ग्रुपवरचा मेसेज त्यांनी दुपारी काढून टाकला आणि त्या जागी हा ताटलीचा फोटो लावला.